माळ्यावरच्या ट्रंकेतल्या मोटारी

ठाण्याच्या पाचपाखाडीत आमच्या मागची तीन मजली इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारून माळ्यावरून उतरवलेली एक पत्र्याची ट्रंक दाखवली. "ह्यांनी जन्मभर जपलं. नव्या घरात माळाच नाही रे, रद्दीवाला येण्याआधी तू एकदा बघून जा," असे त्या म्हणाल्या. काकांची नोकरी फियाट मोटारी बनवणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये झाली होती. ट्रंकेत फियाट ११०० ची वाहनमालकासाठीची माहितीपुस्तिका, सुट्या भागांची यादी, साठच्या दशकातील इंग्रजी मोटार-नियतकालिकांचे चाळीसेक अंक, त्यांत खोचलेली विक्रेत्यांची पत्रके आणि वंगणतेलाचा एक रिकामा डबा एवढा ऐवज निघाला.

मोटारींची जुनी कागदपत्रे मी अनेक वर्षे जमवत आलो आहे आणि या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक संग्राहक मुखपृष्ठे आणि गाड्यांच्या चाचण्यांचे लेख यांच्या मागे असतात. मला मात्र जाहिराती, विक्रेत्यांचे शिक्के आणि समासातल्या पेन्सिलच्या नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. 'ऑटोकार' हे ब्रिटिश नियतकालिक १८९५ पासून निघते आणि त्याचे अंक अनेकांनी जपलेले आहेत, परंतु कुर्ल्यात बनलेल्या गाडीचे एखाद्या स्थानिक विक्रेत्याने छापलेले एकपानी पत्रक रद्दीत गेले तर त्याची दुसरी प्रत मिळेलच असे नाही.

अशा पत्रकांवर तारीख क्वचितच असते, म्हणून ती मजकुरातून काढावी लागते आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळतो. किंमत आण्यांत असेल तर कागद साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरचा आणि बहुधा १९६४ पर्यंतचा, कारण त्या वर्षी 'नये' हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पेट्रोल पंपाचे नाव एस्सो असेल तर १९७४ च्या आणि बर्मा-शेल असेल तर १९७६ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचा. काकांच्या ट्रंकेत घडीचा एक रस्त्यांचा नकाशा होता. त्याच्या मागील बाजूच्या जाहिरातीत नये पैसे आहेत आणि नकाशावर 'मुंबई राज्य' असे छापलेले आहे. म्हणजे तो १९५७ चा एप्रिल आणि १ मे १९६० यांच्या दरम्यानचा. त्यात वाशीचा खाडीपूल नाही, नवी मुंबई तर नाहीच, आणि मुंबईहून पुण्याला निघालेला मोटारवाला ठाणे, मुंब्रा, शिळफाटा करत पनवेल गाठतो. आपल्या गावावरून पुण्याची सगळी वाहतूक जात होती, हे त्या घडीच्या रेषेवर बोट ठेवल्यावर मला प्रथमच नीट जाणवले.

या जाहिरातींचे मोल कळण्याआधी माझ्या हातून एक मोठे नुकसान झाले आहे. एका मासिकाचे पूर्ण वर्षाचे अंक मी एका बाइंडरकडे दिले. त्याने रिवाजाप्रमाणे मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने 'फालतू' म्हणून काढून टाकली, तिन्ही कडा यंत्रावर कापल्या आणि कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीने कणा चिकटवला. मोरचुदातील तांब्यामुळे कागद अधिक लवकर ठिसूळ होतो, हे मला पुढे वाचनातून समजले. तेव्हापासून मी एकही अंक बांधून घेतलेला नाही. गंजलेल्या पिना बोथट सुरीने सोडवून काढतो आणि त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा चिकटा कागदात मुरून तपकिरी पट्टा उमटतो आणि तो सहसा निघत नाही. पातळ जपानी कागद आणि घरी शिजवलेली, मोरचूद न घातलेली गव्हाची खळ पुरते.

ठाण्यातला पावसाळा हा कागदाचा खरा वैरी आहे. हवेतील आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. त्यामुळे माझे लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर आहे, अंक झाकणाच्या खोक्यांत आडवे ठेवलेले आहेत आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी वरचेवर बदलतो. उग्र वासाची जाड प्लास्टिकची कव्हरे मी टाकून दिली, कारण ती पीव्हीसीची असतात आणि पीव्हीसी शाई ओढून घेते. पॉलिप्रॉपिलीनची कव्हरे चालतात. कसर लागलेला अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाही. गुळगुळीत कागदाचे अंक भिजले तर मात्र ते तसेच वाळू देऊ नयेत. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो, तो वाळताना पाने एकमेकांना चिकटून अंकाची वीट होते. ओले असतानाच पान पान सोडवून मध्ये टीपकागद घालावा.

तेलाच्या डब्याला मी फक्त कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात दिला. गंज खरवडून रंग देण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात मूळ छपाई जाते.

काकांच्या पुस्तिकेत तेलबदलाच्या पानावर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा आहे आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलने मैल, पेट्रोल आणि ठिकाणे लिहिलेली आहेत. पूर्वीचा मी असतो तर ही पाने खोडरबराने साफ केली असती. काकूंना ती वाचून दाखवताना "कसारा घाट, रेडिएटरमध्ये पाणी दोनदा" या ओळीपाशी त्यांनी मला थांबवले. "थोरल्याच्या मुंजीला नाशिकला निघालो होतो. दुसऱ्या वेळचं पाणी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं," असे म्हणून त्यांनी त्या ओळीवर हळूच बोट ठेवले. त्या पानाची छायाप्रत मी त्यांना करून दिली, आणि मूळ पुस्तिकेच्या खोक्यावर तांब्याची ही हकिगत लिहिलेली चिठ्ठी लावली आहे.