त्वेरचे तिकीट

मॉस्कोच्या लेनिनग्रादस्की स्थानकावर तिकीट खिडकीपाशी उभा राहून मी तीन वेळा ‘टिव्हर’ म्हणालो आणि तिन्ही वेळा काचेपलीकडच्या बाईंनी ‘कुदा?’ एवढेच विचारले. कुदा म्हणजे कुठे. पहिल्यांदा त्यांनी ते सहज विचारले, दुसऱ्यांदा चष्मा वर सरकवून आणि तिसऱ्यांदा माझ्यामागे वाढत चाललेल्या रांगेकडे बघत. शेवटी प्रवासाचा इंग्रजी कागद मी काचेला टेकवला. त्यांनी तो वाचला, ‘आ, त्वेर!’ म्हणाल्या आणि तिकीट पुढे केले.

राग आला तो स्वतःचा. त्वचा, त्वरा, त्वेष हे शब्द जन्मभर उच्चारणाऱ्या माणसाला ‘त्वेर’ म्हणता येऊ नये? इंग्रजांच्या तोंडी आपल्यासारखा दंत्य ‘त’ नाही, त्यामुळे ते आपल्या जिभेला मानवेल तसे म्हणतात आणि त्यांना ते शोभूनही जाते. आपल्यापाशी मात्र रशियन ‘त’ आणि ‘द’ यांच्यासाठी अक्षरे आयती आहेत, तरीही इंग्रजी स्पेलिंगच्या वळणाने जाऊन आपण त्यांचे ‘ट’ आणि ‘ड’ करून टाकतो. ज्याला आपण सेंट पीटर्सबर्ग म्हणतो, ते तिथल्या तोंडी ‘सांक्त पितिरबूर्क’ असते. मधला ‘स’ मूळ नावात नाहीच, शेवटचा ‘ग’ बोलताना ‘क’ होतो आणि रोजच्या बोलण्यात तर नुसते ‘पीतिर’ म्हटले तरी भागते. मॉस्कोचे ‘मस्क्वा’ होते, कारण ज्या ‘ओ’वर जोर नाही तो जवळजवळ ‘अ’ ऐकू येतो. ही नावे स्थिर असती तरी एक वेळ पाठ केली असती. पीतिर 1914 साली पेत्रोग्राद झाले, 1924 साली लेनिनग्राद झाले आणि 1991 साली पुन्हा जुन्या नावावर आले. तिकडे जाणाऱ्या गाड्या मॉस्कोच्या ज्या स्थानकातून सुटतात ते मात्र अजून लेनिनग्रादस्कीच आहे. माझे पीतिरमधले चार दिवस संग्रहालयांच्या रांगांत गेले आणि त्यांविषयी लिहावे असे काही माझ्याकडे नाही.

त्वेर मॉस्कोपासून सुमारे 170 किलोमीटरवर आहे. फलाटावरची पाटी मी आधी इंग्रजी अक्षरे समजून ‘टीबीईपीबी’ अशी वाचली. त्यातले शेवटचे अक्षर इंग्रजी बीसारखे दिसते, पण त्याला स्वतःचा आवाज नाही. आधीचा ‘र’ मऊ करायचा एवढेच त्याचे काम. इंग्रजीत नाव लिहिताना हे अक्षर सहसा गाळतात, आणि मी तर पुढचा ‘त’सुद्धा गमावून बसलो होतो.

मी आलो होतो अफनासी निकितिनसाठी. पंधराव्या शतकात हा त्वेरचा व्यापारी घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच अडकवून ठेवला. आमच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे आणि शाळेत असल्यापासून मी त्याच्यावरून जात-येत आलो आहे. त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी 1955 साली उभारलेला त्याचा पुतळा आहे, खाली नावेच्या आकाराचा चौथरा. तिथल्या बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना शाळेतले थोडे इंग्रजी येत होते. माझे गाव चौलजवळ आहे असे मी सांगितले तेव्हा त्यांना काही बोध झाला नाही. मग आठवले, निकितिनने लिहिले आहे ते ‘चिविल’. तो शब्द ऐकताच त्या उठून उभ्याच राहिल्या आणि जुन्नरचे त्याने केलेले ‘चुनेर’ त्यांनीच मला ऐकवले. आमच्या गावांची इतकी मोडतोड करूनही त्या भल्या माणसाचा पुतळा झाला, हे पाहून खिडकीपाशी झालेली फजिती मला जरा हलकी वाटू लागली.

त्यांना मी ‘चौल’ शिकवले, त्यांनी ‘चऊल’ म्हटले. त्यांनी मला ‘त्वेर’चा मऊ ‘र’ शिकवला. पाच-सहा वेळा म्हणून झाल्यावर नातू हसू लागला आणि आजींनी नाद सोडला. त्या जन्मल्या तेव्हा गावाचे नाव कलीनिन होते, 1990 साली ते पुन्हा त्वेर झाले, आणि घर मात्र आपण एकदाही बदललेले नाही, असे त्या सांगत होत्या.

परतीच्या खिडकीपाशी मी शेवटच्या स्वरावर व्यवस्थित जोर देऊन ‘मस्क्वा’ म्हणालो. पलीकडच्या बाईंना ते लगेच कळले आणि त्यांनी हसून, भरभर, रशियनमध्ये चांगला लांबलचक प्रश्न विचारला. मी मुकाट्याने खिशातून इंग्रजी कागद काढला.