शाया, शाळा आणि डब्ल्यू

गेल्या शुक्रवारी दुपारी सव्वातीनला माझी मास्तरकी संपली. निदान प्रशिक्षणातली तरी. लेस्टरच्या एका प्राथमिक शाळेतला पहिलीचा वर्ग, पाच-सहा वर्षांची तीस पोरं. पीजीसीई हा इथला वर्षभराचा कोर्स. त्यातले किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, तेही दोन वेगवेगळ्या शाळांत. आपल्याकडच्या बीएडसारखे पाठ, टाचण, निरीक्षण सगळं आहे. फक्त मागच्या बाकावर बसून पाठ बघणाऱ्या मॅडम इथे रोजच वर्गात असतात.

अमळनेरच्या पोरीने मास्तरीण व्हायचं म्हणजे जरा अवघडच. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या गावात प्रताप हायस्कूलला शिकवायचे, त्यामुळे गावात अजून प्रत्येक मास्तराचं माप त्याच पट्टीने निघतं. मी सातासमुद्रापार येऊन मास्तरीण झाले ते बरंच झालं, असं कधी कधी वाटतं.

पण इथे मला वेगळ्याच गोष्टीने रडवलं. डब्ल्यूने.

इंग्लंडात पहिलीच्या पोरांना फोनिक्स शिकवतात. अक्षराचं नाव नाही, आवाज. दर जूनमध्ये प्रत्येक मूल बाईंसमोर एकटं बसून ४० शब्द वाचतं. २०१२ पासून देशभर ही चाचणी आहे. त्यातले निम्मे शब्द चक्क खोटे, ज्यांना काही अर्थच नाही. त्यांच्याशेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोरांना कळतं की हे त्या प्राण्याचं नाव. पाठांतराने भागू नये, पोराला आवाज जोडता येतात का ते कळावं, म्हणून ही युक्ती.

आता खोटा शब्द बाईंनीच चुकीचा म्हटला तर पोरं करतील काय? आपल्या मराठीत व एकच. ‘व्हॅन’मधला आणि ‘वॉटर’मधला, दोन्ही मला सारखेच. दुसऱ्याच दिवशी पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, “मिस, तुम्ही चुकीचं म्हणताय.” बरोबर होतं तिचं. माझ्या मेंटरने मला छोटा आरसा दिला. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर. डब्ल्यूला दातांचं कामच नाही, चुलीत फुंकर घालताना होतो तसा ओठांचा चंबू. रोज रात्री मी खोलीत आरशासमोर चूल फुंकत बसायचे.

वर्गात माझ्यासारखा आणखी एक जण होता. पोलंडहून आलेला, गालाला खळी पडणारा मुलगा. तोही ‘विंडो’ला ‘व्हिंडो’ म्हणायचा. त्याच्या भाषेत डब्ल्यू लिहितात आणि व्ह वाचतात. गंमत म्हणजे इंग्रजी डब्ल्यूचा आवाज त्यांच्याकडे आहे, पण तो लिहितात तिरकी रेघ मारलेल्या एलने! मग मी आरसा वर्गात नेला. सकाळी हजेरीआधी पाच मिनिटं आम्ही दोघं त्यात बघून फुंकर मारायचो. त्याला आधी जमलं. मला एप्रिल उजाडला.

मला घरची आठवण यायची ती याच पाच मिनिटांत. आमच्या घरात अहिराणी. अहिराणीत ळचा य होतो: डोळाचा डोया, केळीची केयी, शाळेची शाया. दुसरीत असताना मी बाईंना “मी शायात लवकर आली” म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या. नंतर कितीतरी दिवस ळ असलेला शब्द आला की मी गप्पच बसायचे. म्हणून पोलिश पोरगा चुकला की कुणी हसायच्या आत मी स्वतःच मोठ्याने चुकायचे. मेंटरला हे पद्धतशीर अध्यापन वाटलं नसावं, पण वहीत तिने काही लिहिलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी पोरांना फळ्यावर ळ काढून दाखवला. कुणी म्हणालं चष्मा, कुणी म्हणालं फुलपाखरू. जीभ वळवता वळवता तिसांपैकी एकोणतीस जणांची दमछाक झाली. एकीने मात्र पहिल्याच फटक्यात म्हटला. आजी गुजराती, घरात ळ रोजचाच.

निरोप समारंभ असा काही झाला नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, “दोन शब्द बोलते” म्हणून वीस मिनिटं बोलणारं कुणी नाही. गालिच्यावर गोल बसून गोष्ट वाचली, पोरांनी कार्डं दिली, घंटा झाली, आयांनी पोरं नेली. पोलिश पोरगा दारातून परत आला, तोंडाचा चंबू केला, एक फुंकर मारली आणि पळाला.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. “पोरे रडनात का?”

“नहीं रडनात.”

“अन् तू?”

मी विषय बदलला. आईला वर्गाचा फोटो हवा होता. इथे आपल्या फोनवर पोरांचे फोटो काढता येत नाहीत, हे तिला सहा महिन्यांत पटलेलं नाही. म्हणून त्या पोराचं कार्ड दाखवलं, नावावर अंगठा ठेवून. आत एकही शब्द नव्हता. जांभळ्या खडूने काढलेला, एका बाजूला कलंडलेला एक चष्मा.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. “हाऊ ते ळ शे!” ती म्हणाली, आणि लगेच, “शायामा शिकाडा का तू?”