टाकीत पेट्रोल, चेंबर कोरडे

माझी गाडी २००४ सालची, ३५० सीसीची, कार्ब्युरेटरवर चालणारी आणि लांबच्या प्रवासासाठीच घेतलेली आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला एक विचित्र खोड लागली. पुण्यातून टाकी काठोकाठ भरून निघावे, शिरवळपर्यंत सगळे सुरळीत असावे आणि खंबाटकीच्या चढावर एक्सलेटर पिळताच गाडीने दोन झटके देऊन मान टाकावी, असे सलग तीन रविवार घडले. दहा मिनिटे थांबले की ती एका किकमध्ये सुरू होई आणि दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पुन्हा तसेच घडे. साठच्या वेगाने सावकाश चालवली तर मात्र ती दिवसभर तक्रार करत नसे.

दुसऱ्या वेळी घाटाखालच्या एका मेकॅनिकने, “दादा, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय,” असे सांगून तो तिथेच खोलला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) फुंकून साफ केले, हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवणारा हवेचा स्क्रू थोडा फिरवला आणि नवा प्लग बसवला. त्याने काम मन लावून केले होते. तरीही पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर थांबली. गाडी बंद पडली की आपण सर्वांत आधी कार्ब्युरेटरवर हात टाकतो, आणि माझ्या मते जुन्या गाड्यांचे निम्मे हाल इथेच होतात. पेट्रोल झाकणाखालून निघून कॉक, जाळी आणि नळी ओलांडत कार्ब्युरेटरच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनात जाण्याआधी ते साठते त्या छोट्या वाटीत, पोहोचते. म्हणून शोधही त्याच क्रमाने, वरून खाली घ्यावा.

पण त्याआधी दोष पेट्रोलचा की स्पार्कचा, याचा निकाल लावणे आवश्यक होते, कारण तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही अगदी असाच अनुभव देते: गरम झाली की बंद, गार झाली की सुरू. चौथ्या रविवारी मी स्क्रू ड्रायव्हर आणि काचेची लहान बाटली सोबत ठेवली. गाडी थांबताच प्रथम पेट्रोल कॉक बंद केला, म्हणजे चेंबर पुन्हा भरणार नाही, आणि मग चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून खाली बाटली धरली. बाटलीत जेमतेम चार-पाच थेंब आले. चेंबर भरलेला असता तर मी कॉइलकडे वळलो असतो. (हे करताना पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडणार नाही, याची पूर्ण काळजी घ्यावी, शक्य असेल तर इंजिन थोडे निवू द्यावे.)

घरी आल्यावर थोडा हिशेब केला. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला ही गाडी लिटरमागे साधारण ३० किलोमीटर देते, म्हणजे तासाला तीन लिटर आणि मिनिटाला ५० मिलिलिटर पेट्रोल लागते. चढावर त्याहून अधिक. आता कॉकमधून मिनिटाला किती येते, एवढेच मोजायचे होते. इंजिन गार असताना, मोकळ्या अंगणात, नळी काढून मापाच्या भांड्यात सोडली आणि घड्याळ लावले. पहिल्या मिनिटाला १७० मिलिलिटर आले, दुसऱ्याला १२०, तिसऱ्याला ७० आणि चौथ्याला जेमतेम ४०. त्या क्षणी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा स्पष्ट आवाज आला आणि नळीतली बारीक झालेली धार पुन्हा जाड झाली.

झाकणातले हवेचे भोक बुजले होते. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीतला दाब घटत जातो आणि पेट्रोल अडून राहते. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी सुरू होत असे. टाकी भरलेली असतानाच त्रास लवकर का होतो, हे कोडेही त्यामुळे उलगडले: वर हवेची जागा थोडी असली की थोडेसे पेट्रोल गेले तरी दाब झपाट्याने उतरतो. झाकण खोलून पाहिले, तर भोकात धूळ आणि पॉलिशचा मिळून राखाडी, मेणासारखा लगदा घट्ट बसला होता. वायरमधली एक बारीक तार घालून तो काढला, वर साबणाचा फेस लावला आणि सायकलच्या पंपाने आतून हवा मारली. फेसाला बुडबुडे आले तेव्हाच समाधान झाले. नंतर झाकण उन्हात वाळवले.

तरीही पहिल्या मिनिटालाही १७० मिलिलिटरच आले होते, हे मला कमी वाटत होते. टाकी रिकामी करून कॉक उतरवला, तेव्हा त्याच्या जाळीवर गंजाची लालसर भुकटी आणि तळाशी पाण्याचे दोन टपोरे थेंब दिसले. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीने उभी होती, ही चूक माझीच. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर मिळू लागले आहे आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि रिझर्व्हवर गाडी नेमके तळाचेच पेट्रोल ओढते. नळीही कडक होऊन टोकाला तडकली होती, ती बदलली. मध्ये कोणीतरी बसवलेला कागदी फिल्टर मात्र काढूनच टाकला: इथे पंप नाही, पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते आणि असा फिल्टर त्याची वाट अडवतो. आता झाकण बंद ठेवूनही पाचव्या मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या वर येते.

राहिला तो हवेचा स्क्रू. तो पूर्वीच्या जागी आणून, टाकी काठोकाठ भरून पुढच्या रविवारी खंबाटकी चढलो आणि वर पोहोचताच गाडी बंद करून, ती निवल्यावर प्लग काढला. त्याचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण योग्य होते.