डाउलैसचे पणजोबा: आठ महिन्यांची फांदी छाटावी लागली

मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की सासऱ्यांचे पणजोबा १८८१ च्या जनगणनेत, वेल्समधील मर्थर टिडफिलच्या डाउलैस भागात, पडलर (भट्टीत वितळलेले लोखंड ढवळणारा कामगार) म्हणून सापडले. ती नोंद कृपया रद्द समजावी. नाव तेच, वय तेच, कारखानाही तोच. माणूस मात्र आमचा नव्हे.

निमित्त झाले सासऱ्यांच्या चुलतबहिणीने पाठवलेल्या वेल्श बायबलचे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलांची नावे आणि त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले आहे. नातलग हयात असल्याने नावे देत नाही. वेल्समधील बहुतेक आडनावे आपल्या मधल्या नावासारखी वडिलांच्या नावावरून पडली आणि पुढे तशीच गोठली, त्यामुळे डेव्हिस, जोन्स आणि एव्हान्स तेथे पायलीचे पन्नास मिळतात; हे माहेरचे आडनाव मात्र सुदैवाने विरळ आहे. जीआरओच्या (इंग्लंड आणि वेल्सच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या) नव्या सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना आईचे माहेरचे आडनाव जोडलेले असते, जुन्या सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येते. हे ठाऊक असूनही मी एका सशुल्क संकेतस्थळावरच्या ‘जुळणाऱ्या वंशवृक्षां’वर विसंबले. त्या सूचनांबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: एकाची चूक दहा जणांनी उतरवून घेतली की तिला पुरावा म्हणतात.

नव्या सूचीत बायबलमधली तिन्ही मुले दहा मिनिटांत सापडली. पहिली दोन मर्थर टिडफिल जिल्ह्यात, १८७९ आणि १८८२ मध्ये. तिसरे १८९३ मध्ये, पण कार्डिफ जिल्ह्यात! येथे तासभर डोके धरून बसले. मग सासऱ्यांच्या दिवंगत आत्याबाईंचे एक वाक्य आठवले. त्या म्हणत, आजोबा ‘समुद्रावरच्या डाउलैसला’ गेले. डाउलैस डोंगरात असल्याने आम्ही ते म्हातारपणीचे बोलणे समजून सोडून दिले होते. प्रत्यक्षात परदेशी, विशेषतः स्पेनहून येणारे लोहखनिज बंदरातून खोऱ्याच्या माथ्यापर्यंत चढवणे महाग पडत असल्याने डाउलैस कंपनीने कार्डिफच्या किनाऱ्यावर ईस्ट मूर्स येथे नवा कारखाना काढला. तो १८९१ मध्ये सुरू झाला आणि त्याचे नावच डाउलैस-कार्डिफ होते. आत्याबाई शब्दशः खरे सांगत होत्या.

अडचण उरते ती १८९१ च्या जनगणनेची. पणजोबांच्या नावाने शोध घेतल्यास दोन्ही जिल्ह्यांत इतके लोक निघतात की निवड करणे अशक्य होते. शेवटी त्यांना बाजूला ठेवून फक्त मुलांची नावे आणि जन्मवर्षे टाकली, आणि पणजी डाउलैसमध्ये दोन मुलांसह मिळाल्या! कुटुंबप्रमुखाशी नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’, पती घरात नाही, आणि त्या वर्षी वेल्समध्ये प्रथमच विचारलेल्या भाषेच्या रकान्यात केवळ ‘वेल्श’. तो रकाना मी फारसा प्रमाण मानत नाही, कारण उतरवणाऱ्यांनी तो आपापल्या समजुतीने भरला. तरी त्या पानाची छापील प्रत काढून चहा घेता घेता तीनदा वाचली.

याचा अर्थ पणजोबा एकटेच पुढे जाऊन कोठेतरी भाडेकरू म्हणून राहिले असावेत. कारखान्याजवळच्या, कार्डिफमधल्या स्प्लॉट भागाची जनगणनेची पाने रस्त्यामागून रस्ता वाचून काढावीत, असा बेत येथे लिहिणार होते. पण हे लिहिता लिहिताच सुचले की १८९३ च्या जन्मनोंदीत वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचा पत्ता असणारच, म्हणून जीआरओकडून तिची डिजिटल प्रतिमा मागवली. ती आत्ताच उघडली आहे: ‘झोतभट्टीवरील मजूर’, आणि रस्ता स्प्लॉटमधलाच. आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच प्रमाणाचा) नकाशा, जो फुकट असूनही वर्गणीच्या कित्येक साधनांहून सरस आहे, समोर ठेवून त्या रस्त्यापासून भट्टीच्या दिशेने पाने वाचायला घेते.