ॲड्रिनलची टेस्ट : माझा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून मी काळवंडत चालले होते. नुसता चेहरा नाही, तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, हिरड्यासुद्धा. शाळेतल्या मॅडम सनस्क्रीन सुचवायच्या, सासूबाई दुधाची साय. वजन उतरत होतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आणि खारट खायची अशी तलफ यायची की बरणीतला लोणच्याचा खार मी चमच्याने प्यायचे. लोह, बी-१२ सगळं घेऊन झालं. मग कुणीतरी सोडियम-पोटॅशियम करायला सांगितलं. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. तो कागद घेऊन आम्ही मिरजेला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी माझे तळहात पाहिले, हिरड्या पाहिल्या, आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतलं. म्हणाले, ॲडिसनचा आजार असावा. त्यात किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कमी बनवतात. पण सकाळचं कॉर्टिसॉल सहा आलं. तीनच्या खाली असतं तर निदान जवळजवळ पक्कं, पंधराच्या वर असतं तर शंका बऱ्यापैकी मिटली असती. मी मधोमध लटकले, म्हणून टेस्ट: इंजेक्शनने ग्रंथीला हुकूम द्यायचा आणि कॉर्टिसॉल वाढतं का ते पाहायचं.

परदेशात यासाठी सिनॅक्थेनचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ॲक्टॉन प्रोलॉन्गेटम वापरतात. त्याची एक कुपी अनेकांना पुरते, त्यामुळे डॉक्टर ठरलेल्या वारी दोन-तीन पेशंट एकत्र बोलावतात. वार ठरेपर्यंत ताटकळणं, हाच खरा त्रास. उपाशी यायची गरज नव्हती. मात्र चौकशी कसून झाली: प्रेडनिसोलोन, दम्याचा पंप, सांधेदुखीच्या पुड्या, गर्भनिरोधक गोळ्या. त्या गोळ्यांनी म्हणे रक्तातलं कॉर्टिसॉल उगाच जास्त दिसतं. नणंदेने दिलेली गोरेपणाची क्रीमही मी पिशवीत टाकली होती. डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली. मोमेटासोन. "ताई, हे स्टेरॉइड आहे. लावू नका."

टेस्टच्या दिवशी सकाळी आठला सिस्टरने सुई बसवली. पहिल्या रक्तात एसीटीएचची, म्हणजे ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणाऱ्या हार्मोनची, जांभळ्या टोपणाची नळी होती, ती लगेच बर्फात खुपसली. ते हार्मोन बाहेर फार टिकत नाही, म्हणून लॅबचा मुलगा ती घेऊन अक्षरशः पळाला. मग ॲक्टॉनचे २५ युनिट कमरेत. दुखलं, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनपेक्षा कमी. नंतर तासभर बसायचं. शेजारचे काका दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. गोळ्यांनी झोपलेली ग्रंथी जागी झाली का, ते पाहायला आले होते. म्हणजे ही टेस्ट नुसती माझ्यासारख्यांची नाही. तास झाला, दुसरं रक्त गेलं, आम्ही खाली जाऊन उपीट खाल्लं.

रिपोर्टात कॉर्टिसॉल सहावरून सातवर. त्या लॅबच्या हिशेबाने अठरा ओलांडायला हवं होतं. एसीटीएच मात्र शेकड्यांत. डॉक्टरांनी सांगितलं, "वरून साहेब ओरडतायत आणि खाली ऑफिसात कुणीच नाही." साहेब म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी. तिचं हेच ओरडणं, म्हणजे वाढलेलं एसीटीएच, कातडीला काळं करतं. सायीने काय होणार होतं, कप्पाळ!

थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये हा आजार लिहून ठेवला, तेव्हा त्याच्या पेशंटांतही क्षय होता. माझ्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या आणि पुढच्या तपासण्यांत टीबीच निघाला. आता टीबीच्या गोळ्या, हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉल) आणि शरीरातलं मीठ टिकवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन असं चालू आहे. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन शरीरातलं हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवतं, म्हणून ते चालू असेपर्यंत माझा डोस वाढवून दिलाय. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकेना तर त्याचंच १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. ते इंजेक्शन पर्समध्ये असतं, आणि कसं द्यायचं ते ह्यांनी सिस्टरकडून शिकून घेतलंय.