फुंकर मार, जोरात!

रविवार, रात्र

वाढदिवसाच्या ताम्हणात निरांजन, दोन सुपाऱ्या, सोन्याची अंगठी, अक्षता, कुंकू. पाटाभोवती रांगोळी. मुलाचं औक्षण झालं की निरांजन देवापाशी जातं आणि तिथेच शांत होतं. दिव्यावर तोंडाने फुंकायचं नाही, हे घरात लहानथोर सगळ्यांना पाठ असतं. मग तासाभराने त्याच मुलाला केकपुढे उभं करतात आणि म्हणतात, "फुंकर मार, जोरात!" तोच केक पुढे वीस जणांच्या पोटात जातो. हे कुणालाच कसं खटकत नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं.

अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाने याचा प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. खोट्या केकवर आयसिंग लावून मेणबत्त्या पेटवल्या आणि पिझ्झा खाल्लेल्या माणसांना त्या फुंकायला लावल्या. आयसिंगवरचे जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढले. एखाद्याच्या फुंकरीने खूप वाढले, एखाद्याच्या फुंकरीने जवळजवळ नाहीच. धडधाकट माणसाला यातून सहसा काही होत नाही. पण मुलाला सर्दी-खोकला असेल तर मेणबत्ती वेगळ्या छोट्या कपकेकवर लावावी आणि तो त्यानेच खावा.

विझवली तरी पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्तीच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते. ज्योत गेली तरी वातीच्या टोकाला धग राहते, त्या धगीने पूड पेटते आणि पूड पुन्हा वात पेटवते. म्हणून ती कागदी बशांच्या कचऱ्यात टाकू नये, आधी भांड्यातल्या पाण्यात बुडवावी.

खरी भीती आहे ती केक कापताना अंगावर फवारतात त्या फेसाच्या डब्याची. फेस बाहेर ढकलायला त्यात बहुतेक वेळा ब्यूटेन, प्रोपेनसारखे वायू असतात, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलेच. मूल ज्योतीवर वाकलेलं असतं, केस पुढे आलेले असतात, अंगात नायलॉनचा झगा असतो आणि नेमक्या त्याच क्षणी मागून कुणीतरी डबा दाबतो. भडका उडायला क्षणही पुरत नाही. डबा आणूच नये हे उत्तम. आणलाच, तर घरातली शेवटची ज्योत विझल्यावर, मोकळ्या अंगणात, तोंडाकडे न रोखता वापरावा. तरीही पेट घेतलाच, तर जाड सुती चादर गुंडाळून आग दाबावी, भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडावं आणि लगेच डॉक्टरकडे न्यावं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये.

फुग्यांचंही तसंच. हेलियम महाग पडतो, म्हणून रस्त्यावरच्या तरंगत्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरतात; कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांपासून तो जागेवरच तयार करतात. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की तो ठिणगीनेही पेटतो. दोन्ही वायूंना रंग नाही, वास नाही, त्यामुळे फुगा बघून काही कळत नाही. पंपाने साधी हवा भरावी आणि फुगे चिकटपट्टीने भिंतीला लावावेत.

तोंडाला केक फासण्याबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. दोन-तीन मजली केक उभा राहावा म्हणून आत लाकडी किंवा प्लास्टिकच्या काड्या रोवलेल्या असतात. क्रीमखाली त्या दिसत नाहीत. मान धरून तोंड दाबलं की काडी थेट डोळ्यात जाऊ शकते. एकमजली केकवरही नावाची पाटी काडीवरच असते. शिवाय बहुतेक केकचं क्रीम वनस्पती तेलाचं असतं, नुसत्या पाण्याने केसांतून निघत नाही. आधी कोरड्या कापडाने पुसून मग शाम्पू लावावा लागतो. अर्धा किलो केक असा नासवायचा आणि आजीच्या हातात बोटभर तुकडा द्यायचा!

तलवारीने केक कापणाऱ्यांवर तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो.

एका सुरीवर पाच जणांचे हात ठेवायची तरी काय गरज? पाच जण पाच दिशांना ओढतात आणि केक कोसळतो. मुलाचा एक हात, वर मोठ्याचा एक, पुरे. लांब पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, सरळ खाली दाबावी आणि दर कापाला पुन्हा पुसावी. अर्ध्या किलोचे सहा ते आठ नीट तुकडे पडतात. पहिला आजीला.