सरळ टीप

गेल्या महिन्यात कोथरूडमधल्या एका नव्या कॉफीच्या दुकानात मैत्रिणीची वाट पाहत बसले असताना माझा उजवा पाय आपण होऊन हलू लागला. टेबलाखाली वाकून पाहिले तेव्हा कळले की वर गुळगुळीत कडप्पा आणि खाली जुन्या शिवणाच्या मशीनचा बिडाचा सांगाडा अशी त्या टेबलाची रचना होती, आणि पायाला जे लागले होते ते त्याचे जाळीदार पायडल होते. ते हलू नये म्हणून कुणीतरी तारेने घट्ट आवळून टाकले होते. मैत्रीण आली, कॉफी आली, तिच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला आणि संपला, तरी माझे पाऊल त्या बांधलेल्या पायडलला टाच-चवडा, टाच-चवडा असे रेटतच होते. तुला काही घाई आहे का, असे तिने दोनदा विचारले.

घरी येऊन मी शिवणाचे मशीन घ्यायचे जाहीर केले. "शिवणार काय?" हा प्रश्न नवऱ्याने विचारला, मुलाने विचारला आणि फोनवर बहिणीनेही विचारला. प्रश्न रास्त होता. आमच्या घरात शिवण्याजोगे म्हणजे दिवाणखान्याचे चार इंच लांब आलेले पडदे, तेही कोपऱ्यावरच्या टेलरने "असली कामं घेत नाही, ताई" म्हणून परत केलेले. तरीही मला राग आला. महिलांच्या योजनेत काय द्यावे हे सुचले नाही की शिवणयंत्र द्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि व्यासपीठावरून ते स्वीकारणाऱ्या बाईला तू काय शिवणार असे कुणी विचारत नाही. घरातली बाई स्वतःच्या पैशांनी घेऊ लागली की मात्र हिशेब मागितला जातो.

रविवार पेठेतल्या दुकानात पांढरी, प्लॅस्टिकच्या अंगाची, विजेवर चालणारी मशीन ओळीने मांडलेली होती. "घरगुती की धंद्याला?" असे विचारून दुकानदारकाकांनी माझे उत्तर येण्याआधीच त्यांतले एक पुढे ओढले. एकवीस प्रकारचे टाके, काज, पिको, झिगझॅग, सुईत दोरा ओवण्याची सोय. बाजूच्या चकतीवर त्या एकवीस टाक्यांची नक्षी छापलेली होती आणि ती पाहताना, माझ्या आईने उभ्या आयुष्यात सरळ टिपेखेरीज दुसरी कोणती टीप मारली होती का, हे आठवण्याचा मी प्रयत्न करीत होते. काज ती हाताने करायची. साडीला फॉल हातानेच लावायची. काकांनी बटण दाबले. मशीन मिक्सरसारखे घुरघुरले आणि मी कोपऱ्यातल्या काळ्या मशीनकडे बोट दाखवले.

आमच्या मिरजेच्या घरचे मशीन सिंगरचे होते. आजोबांनी ते आजीसाठी हप्त्यावर घेतले होते. हप्त्याने विकण्याची युक्ती याच कंपनीने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजवली, हे मला फार उशिरा कळले. त्याच्या काळ्या अंगावर सोनेरी रंगात पंख असलेली, बाईच्या तोंडाची सिंहीण होती, आणि तिला आम्ही भावंडे "आजीची मांजर" म्हणत असू. बैठकीवर अक्षर आणि आकडे कोरलेले होते. त्या अक्षरावरून कारखाना ओळखता येतो असे वाचून मी मागे एकदा शोधले, तर आजीचे मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचे निघाले. तो कारखाना १९८० साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही सिंगर असेच आहे.

दुपारी जेवणे आटोपली की आई मशीनवर बसायची आणि मी मशीनखाली. वरून चिंध्या पडत; त्या गोळा करणे हे माझे काम होते. आई उठून गेली की पायडल माझे, मोठे चाक म्हणजे मिरज–सांगली एसटीचे स्टेअरिंग आणि चामड्याचा पट्टा म्हणजे काय ते ठरलेले नसे. एकदा त्या पट्ट्यात माझी वेणी अडकली. आईने आधी चाक थांबवले, मग वेणी सोडवली, मग धपाटा घातला, आणि उरलेली बाही पूर्ण करायला पुन्हा बसली. दिवाळीला एकाच ताग्यातून माझा फ्रॉक, धाकट्या भावाचा शर्ट आणि उरलेल्या कापडात उशांचे अभ्रे निघत, त्यामुळे आमचे फोटो पाहताना कोण कुठे संपते आणि गादी कुठे सुरू होते हे नीट कळत नाही. खंडेनवमीला मात्र मशीन बंद. त्या दिवशी त्याला तेल-पाणी होई, हळदकुंकू लागे, झेंडूचा हार चाकाला पडे, आणि मला वाटे की आई वर्षातून एकच दिवस रिकामी दिसते.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून केवळ प्रेमापोटी सिंगरने ते बनवले, असे ते म्हणाले होते. मला ही गोष्ट लहानपणी फार आवडत असे. पुढे वाचले तर आयझॅक सिंगर हा नाटकात कामे करणारा, एकाच वेळी अनेक संसार थाटणारा आणि वीसाहून अधिक मुलांचा बाप असलेला गृहस्थ निघाला. त्याचे पेटंट १८५१ चे, आणि टोकाशी नेढे असलेली सुई तर इलायस हौ याच्या १८४६ च्या पेटंटातली, जिच्यापायी सिंगरला कोर्टात हार खाऊन पैसे मोजावे लागले. कष्ट पाहवले नाहीत हे खरे मानले तरी कोणत्या पत्नीचे, हा प्रश्न उरतोच.

दुकानात मी काळ्या मशीनसमोर बसले. आई शिकवायची तशी, आधी दोरा न ओवता, वहीच्या कागदावरच्या रेघेवरून सुई चालवायची म्हणून काकांकडे कागद मागितला. मोठ्या आत्मविश्वासाने पाय दाबला आणि चाक उलटे फिरले. पुन्हा दाबला, पुन्हा उलटे. दोरा ओवलेला असता तर तटकन तुटला असता. "आधी हातानं चाक आपल्याकडे ओढा, मग पाय," असे काका सौम्यपणे म्हणाले, आणि माझे कान गरम झाले, कारण हेच वाक्य मी तेहेतीस वर्षांपूर्वी रोज ऐकत होते.

आई गेल्यावर मिरजेचे घर रिकामे करताना ते मशीन मीच भंगारवाल्याला दिले. कुणाकडेच जागा नव्हती. सांगाडा आणि वरचे मशीन त्याने वेगवेगळे तोलले, आणि बीड जड असते याचा मला त्या क्षणी आनंदच झाला होता. कॉफीच्या दुकानातून निघताना मी पर्स पडल्याचे निमित्त करून दुसऱ्यांदा टेबलाखाली वाकले होते. आमच्या पायडलच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. त्याचा नव्हता.

काळे मशीन घरी आले. ते वर चढवताना नवरा आणि वॉचमन यांनी मिळून जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मशीन देण्याआधी आईच्या शटलमधून काढून ठेवलेली बॉबिन माझ्या कपाटात होती. तिच्यावर अजून निम्मा निळा दोरा आहे, बहुधा माझ्या मुलाच्या शाळेच्या चड्डीचा. ती मी नव्या मशीनला लावून पाहिली. जुन्या मशीनचे शटल होडीसारखे निमुळते असे आणि बॉबिन त्याच्या मापाची, काडीसारखी लांब. नव्याची गोल, बसकी. बसली नाही. खणात टाकून ठेवली आहे.

पडदे अजून चार इंच लांबच आहेत.